पिवळ्या रंगाचं विरजण

पेन्सिलीच्या त्या कारखान्यात आत्या सख्खी कुणाचीच नव्हती, पण तिच्या शब्दाबाहेर जायची टाप कुणाची नव्हती. थोरले मालक तिला बहीण मानायचे, म्हणून त्यांचा मुलगा तिला आत्या म्हणायला लागला. पुढे तोच मुलगा मालक झाला, आणि मालकच आत्या म्हणतो म्हटल्यावर बाकीच्यांचा प्रश्नच मिटला. फाटकावरचा रखवालदार वयानं तिच्याहून मोठा, पण तोही "आत्या, डबा विसरलात" अशीच हाक मारायचा. आत्या मालकाला चारचौघांत 'मालक' म्हणायची आणि दोघंच असले की 'बाळ्या'.

तिचं राज्य म्हणजे रंगखातं. वर पत्रा, खाली सिमेंट, भिंतीला लागून पिंपं, मधोमध ढवळायची टाकी आणि डोकं गरगरेल असा थिनरचा वास. तो वास आत्याला येतच नसे. "वास? कसला वास?" असं ती अगदी मनापासून विचारायची. लाकडाची कोरी कांडी रंगाच्या डबीत शिरायची, रबरी भोकातून अंग पुसून बाहेर पडायची, पट्ट्यावर वाळत वाळत पलीकडे जायची आणि परत येऊन पुढच्या हातासाठी रांगेत उभी राहायची. असे पाच हात बसले की पेन्सिल अशी पिवळी दिसायची की दुकानात मुलं नाव घेत नसत, "ती पिवळी द्या" म्हणत. तो पिवळा आत्याचा. तिची बोटंही त्याच रंगाची झालेली. सुनेनं एकदा लिंबू, सोडा, रॉकेल सगळं लावून पाहिलं आणि शेवटी हात टेकले.

एवढ्या वर्षांत तो रंग एकदाही हलला नाही, त्याचं श्रेय आत्या विरजणाला द्यायची. ही पद्धत थोरल्या मालकांनीच घातलेली. टाकीतला रंग संपत आला की त्यातला मगभर काढून झाकणाच्या पातेल्यात ठेवायचा आणि नवा रंग ढवळताना तो त्यात सोडायचा. नव्या रंगाला घरची वाट दाखवायला, असं ते म्हणत. त्याचा खरोखर किती उपयोग व्हायचा ते देव जाणे, पण विरजण न लावता टाकी सुरू करणं म्हणजे तोंड न धुता स्वयंपाकाला लागण्यासारखं होतं. आजचा रंग कालच्यातून आलेला, कालचा परवाच्यातून, असं मागे मागे गेलं की थेट थोरल्या मालकांच्या हातच्या पहिल्या टाकीशी पोहोचायचं. आत्याला त्याचा फार अभिमान होता.

मग तो नियम आला.

मालकानं सगळ्यांना अंगणात बोलावलं. चेहरा असा, की कुणीतरी गेलंय की काय असं वाटावं. म्हणाला, "वरून हुकूम आलाय. पेन्सिलीच्या रंगात शिसं चालणार नाही."

"शिसपेन्सिलीत शिसं नाही तर लिहायचं कशानं? बोटानं?" आत्या म्हणाली. सगळे हसले.

"अगं आत्या, आतली काडी ग्रॅफाइटची असते. तिला आपलं नुसतं म्हणायचं शिसं. खरं शिसं असतं ते बाहेरच्या पिवळ्या पावडरीत. पोरं पेन्सिली चघळतात, ते पोटात जातं, मग डोक्यावर परिणाम होतो म्हणे."

"पेन्सिल लिहायला असते, खायला नाही. उद्या पोरं फळा चाटतील, मग फळ्यावरही नियम करणार का? त्यांच्या आयांवर करा म्हणावं एखादा."

हे बोलताना आपल्या घरातलं ध्यान तिला आठवलं नाही, असं नाही. ठिपका पडलेल्या, तिरक्या झालेल्या पेन्सिली कामगारांनी घरी न्यायच्या, अशी मुभा पहिल्यापासून होती. आत्याचा मुलगा त्यांवरच शिकला आणि आता नात शिकत होती. नातीचं गणित अडलं की पेन्सिलीचं बूड दाढेखाली जायचं. घरात एक पेन्सिल धड सापडायची नाही. "आमच्याकडे पेन्सिल झिजत नाही बाई, संपते," असं आत्या शेजारीपाजारी कौतुकानं सांगायची.

नियम काही हसून जाणारा नव्हता. नवी बिनशिशाची पावडर आली ती महाग तर महाग, वर अशक्त. जुनी पाच हातांत लाकूड झाकायची, हिला सात हात दिले तरी खालचं लाकूड डोकावून बघत राही. हात वाढले म्हणजे पट्टा जास्त वेळ चालणार, वीज जास्त जळणार, माल कमी निघणार. पेन्सिलीची किंमत वाढली. दुकानदार म्हणाले, रंग उतरला आणि भाव चढला, हे कुठलं गणित? आणि त्याच रस्त्याला, नाल्याच्या पलीकडे दुसरा एक पेन्सिलवाला होता. त्याचं नाव कारखान्यात कुणी घेत नसे, 'पलीकडचा' एवढंच म्हणत. त्याच्या पेन्सिली पूर्वीसारख्याच चकचकीत पिवळ्या आणि पूर्वीच्याच भावात विकल्या जात होत्या. नियम त्यालाही होता. पण कागदावर असणं वेगळं आणि दारात येऊन उभं राहणं वेगळं.

"आपण नियम पाळायचा आणि धंदा त्यानं करायचा," मालक सकाळी यायचा तो हेच म्हणत यायचा. "प्रामाणिक माणसाला पाण्यात बघतात नुसते."

आत्याला वाटायचं, बरोबर आहे बाळ्याचं. मग एका दुपारी तोच मालक उड्या मारत रंगखात्यात आला. दूरच्या कुठल्याशा देशातली शाळेचं सामान विकणारी मोठी कंपनी, तिला बिनशिशाच्याच पेन्सिली हव्या होत्या, आणि कारखान्याला वर्षभर पुरेल एवढी मोठी मागणी. पलीकडच्याला त्यांनी दारातसुद्धा उभं केलं नव्हतं.

"हा नियम म्हणजे आपलं नशीब आहे, आत्या! नियम नसता तर आपल्याला विचारलं कुणी असतं?"

"सकाळी तर तू त्याला शिव्या घालत होतास."

"ते सकाळी."

आता बोला! आत्याचं डोकं चक्रावलं. नियम वैरी म्हणावा तर तोच गिऱ्हाईक घेऊन येतो, सोयरा म्हणावा तर गल्लीतलं दुकान तोडतो. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असला प्रकार. तिनं एकदा सुनेला विचारलं, "म्हणजे हे आपल्या चांगल्याचं झालं की वाईटाचं?" सून म्हणाली, "आई, मला काय माहीत? तुम्ही कारखान्यात असता." रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, पगार वेळेवर मिळाला की चांगल्याचं.

नियमासोबत कारखान्यात एक केमिस्ट पोरगी आली. जाड चष्मा, खांद्याला पिशवी, चालताना सतत काहीतरी पुटपुटणारी. आत्या पहिल्या दिवशी तिच्याशी फटकूनच वागली. पण त्या पोरीनं पट्ट्यावरची एक पेन्सिल उचलली आणि तिचा चेहराच बदलला. "अय्या, ही पिवळी! मी शाळेत हीच वापरायचे. चावून चावून पार भुगा करायचे. आई रागवायची." आत्या तिथल्या तिथे विरघळली. आपला रंग एवढ्या शिकलेल्या पोरीच्या लहानपणात होता, हे काय कमी झालं? त्या दिवसापासून तिचा डबा आत्यासोबत उघडायला लागला.

पोरीनं काम चोख केलं. जुनी पावडर बाहेर काढली, पिंपं बदलली, टाकी खरवडून घेतली, नळ्या नव्या घातल्या. स्वतः काचेच्या भांड्यात थोडा रंग कालवून तपासणीला पाठवला, तो पास झाला. मालकानं सगळ्यांना चहा पाजला. मग खरा माल निघाला, दूरच्या कंपनीनं त्यातल्या पेन्सिली आपल्याकडे तपासल्या आणि कळवलं की रंगात शिसं आहे, मर्यादेच्या कितीतरी वर.

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगी तर पांढरीफटक पडली. पुन्हा सगळं धुतलं, पुसलं, पट्ट्याचे रूळसुद्धा सोडवून घासले. दुसऱ्यांदा माल काढला. पुन्हा शिसं! पहिल्यापेक्षा कमी, पण मर्यादेच्या वरच. आता हे येतंय कुठून? हवेतून? भुतानं आणून टाकलं? पोरगी पावडरीच्या गोणीमागून गोणी तपासत सुटली. गोणीत शिसं नाही, थिनरमध्ये नाही, चकाकीच्या लॅकरमध्ये नाही, वाळायच्या औषधात नाही, आणि सगळं टाकीत एकत्र झालं की शिसं हजर. तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं होतं.

"आत्या, तुम्ही काय काय घालता, मला पुन्हा एकदा सांगाल?"

"लॅकर, थिनर, तुझी ती पावडर आणि वाळायचं औषध. आणखी काय घालणार? साखर?"

"दुसरं काहीच नाही?"

"अगं, एवढी वर्षं घालतेय, मला कळत नाही होय?" आत्या खोटं बोलत नव्हती. तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

दूरच्या कंपनीनं निरोप दिला की आता शेवटची संधी. या खेपेला शिसं निघालं तर व्यवहार संपला. मालकानं आत्याला ऑफिसात बोलावून दार लावलं आणि तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

"आत्या, हेही गेलं तर मी रंगखातं बंद करतोय. गल्लीतलं गिऱ्हाईक पलीकडच्यानं नेलं, बाहेरचं हे असं. कोऱ्या कांड्या करून दुसऱ्यांना विकू, त्यांनी हवा तो रंग लावावा."

"आणि रंगखात्यातली माणसं?"

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "त्या पोरीला उद्या सांगतोय, आता येऊ नकोस म्हणून. काहीतरी तिचंच चुकतंय. अनुभवी माणूस आणतो कुणीतरी, निदान शेवटची खेप तरी नीट होईल."

आत्या बाहेर आली. पोरगी टाकीपाशी गुडघ्यांवर बसून तळाचा नळ टॉर्चनं बघत होती. तिला कशाचा पत्ता नव्हता. आत्याला तिची दया आली आणि रागही आला. कुणाचा राग, ते मात्र तिला कळेना. नियमाचा म्हणावा, तर नियम बिचारा दूर कुठेतरी कागदावर. पावडरीचा म्हणावा, तर पावडर शुद्ध. पलीकडच्याचा राग करून करून तो तर शिळा झालेला. हा मेला नियम आलाच कशाला, एवढंच ती घरी जाईपर्यंत म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात नेहमीची धांदल. नात शाळेत जायच्या आधी राहिलेली गणितं उरकत होती, पेन्सिल दाढेखाली. सून ओट्यापाशी वाडगा हातात घेऊन कुरकुरत होती.

"आई, बघा ना, दही पुन्हा आंबट. काल दूध बदललं, भांडं उकळत्या पाण्यानं घासलं, तरी तेच! भांड्यालाच काही झालंय का?"

आत्या कारखान्यातल्या विचारात होती. ती तिरसटून म्हणाली, "अगं शहाणे, भांडं घासून काय होतंय? विरजण त्याच आंबट दह्याचं लावतेस ना! मग दूध बिचारं काय..."

आणि ती थांबली.

सुनेला वाटलं, सासूबाईंना चक्कर आली. "आई? पाणी देऊ का?" आत्यानं हातानंच नको म्हटलं. तिच्या डोळ्यांपुढे रंगखात्यातलं कोपऱ्यातलं फळकूट आलं आणि त्यावरचं झाकणाचं पातेलं. नवी पावडर आली, पिंपं बदलली, टाकी घासली, नळ्या नव्या घातल्या, आणि त्या पातेल्याला कुणी हात लावला नव्हता, कारण ते आत्याचं. नवा रंग पहिल्यांदा ढवळला तेव्हा तो तिला असा आजाऱ्यासारखा फिकट वाटला, की तिनं शेवटच्या जुन्या टाकीतून पातेलंभर राखून ठेवलेल्या रंगातलं एकाच्या जागी दोन मग विरजण सोडलं होतं. बिचाऱ्याला जरा तरतरी यावी म्हणून! दुसऱ्या खेपेलाही त्यातलाच एक मग. पोरीनं विचारलं काय काय घालता, तेव्हा ते तिच्या तोंडात आलंच नाही. दह्यात काय असतं विचारलं तर माणूस दूध म्हणतो, विरजण कोण सांगतं?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि काख तिचीच.

रस्त्यानं जाताना आत्याच्या डोक्यात दोन आत्या भांडत होत्या. एक म्हणत होती, गप्प बस. आज विरजण लावू नकोस, पातेलं हळूच कुठेतरी रिकामं कर, माल पास होईल, रंगखातं राहील, तुझी अब्रूही राहील. कुणाच्या बापाला कळणार नाही. दुसरी म्हणत होती, आणि ती पोरगी? ती आजच घरी जाणार, कपाळावर शिक्का घेऊन. पहिली म्हणाली, तरुण आहे, दुसरीकडे लागेल. दुसरी म्हणाली, आणि तू विरजण न लावता टाकी सुरू केलीस तर तो रंग तुझा म्हणायचा का? हा शेवटचा प्रश्न मुद्द्याला सोडून होता, पण आत्याला सगळ्यात जास्त तोच लागला. ती रस्त्याच्या कडेला थोडा वेळ नुसतीच उभी राहिली. एका सायकलवाल्यानं घंटी वाजवून तिला बाजूला केलं.

ती पोहोचली तेव्हा मालक रंगखात्याच्या दारातच पोरीशी बोलत होता. पोरीची मान खाली आणि चष्मा हातात. पट्ट्यावरची माणसं काम करतोय असं दाखवत कान टवकारून उभी होती.

"बाळ्या!" आत्या ओरडली. सगळ्यांच्या देखत बाळ्या! सगळे चपापले. "चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस. शिसं मी घालत होते."

कुणालाच काही कळेना. आत्या तरातरा कोपऱ्यात गेली, पातेलं घेऊन आली आणि झाकण काढलं. आत तो जुना पिवळा, दाट, चमकदार, एकदम देखणा. नाही म्हटलं तरी तिला एक क्षण त्याचं कौतुक वाटलंच.

"हे विरजण. प्रत्येक टाकीत घालतेय. नव्यातही घातलं."

मालक पातेल्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण आत्या, विरजण कुठे रंगात मोडतं?"

घ्या! कारखान्याचा मालक, सगळा नियम तोंडपाठ असलेला माणूस, आणि तोही हेच म्हणतो. लहानपणी बापाच्या कडेवर बसून त्यानं स्वतःच्या हातानं मग सोडला होता टाकीत. त्यालाही ते कधी जिन्नस वाटलं नव्हतं. पोरगी तेवढी पातेल्याकडे बघत हळूहळू खाली बसली, एका उपड्या पिंपावर. आधी तिला हसू आलं, मग डोळ्यांतून पाणी आलं, मग दोन्ही एकदम.

"आत्या, मी तुम्हाला विचारलं होतं हो."

"विचारलंस. चुकलं माझं. थोबाडीत मार हवं तर."

पोरीनं मारलं नाही. उठून आत्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

आत्या म्हणाली, "दे, मोरीत ओतून टाकते आणि घासून आणते." त्यावर पोरगी दचकलीच. "मोरीत नाही! हे पाण्यात जाऊन चालत नाही." तिनं रबरी हातमोजे घातले, रंग एका डब्यात ओतला, पातेलंही एका वेगळ्या पिशवीत बांधलं, दोन्ही बंद केले आणि वर लाल चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर कवटी होती. असला माल न्यायला वेगळी गाडी येते, वेगळ्या ठिकाणी नेऊन पुरतात, असं तिनं सांगितलं. थोरल्या मालकांच्या पहिल्या टाकीपासून चालत आलेला रंग, आणि त्याच्या कपाळी ही कवटी. आत्या बघत राहिली. एवढी वर्षं ज्यात ती उघड्या हातानं मग बुडवत होती, ते ही पोरगी मोजे घालून दोन बोटांत धरत होती.

त्या दिवशी पुन्हा घासून काढलेली टाकी विरजणाशिवाय सुरू झाली. सात हातांच्या जागी आठ दिले, तरी रंग फिकटच. पण माल पास झाला. दूरच्या कंपनीचा निरोप आला तेव्हा मालकानं पेढे नाहीत की हार नाहीत, सरळ आत्याला उचलूनच घेतलं. "नियमाचा विजय असो!" म्हणून ओरडला. दुपारी बाजारातून परत आला तो चिडून, की पलीकडच्यानं भाव आणखी पाडला आणि हा नियम म्हणजे आपल्याच गळ्याला फास. आत्यानं कपाळावर हात मारला. माणसानं एका दिवसात एका बाजूला तरी राहावं!

रंगखातं राहिलं. पोरगीही राहिली. सगळं चांगलं झालं होतं आणि आत्याला चैन पडत नव्हतं. डबा खाताना तिनं पोरीच्या समोर आपले हात पसरले. पिवळी बोटं, पिवळी नखं.

"खरं सांग. त्या डब्यावर कवटी लावलीस. तेच यात गेलंय ना?"

पोरीनं घास खाली ठेवला. "गेलं असेल. किती, ते बघितल्याशिवाय नाही सांगता येत. रक्त तपासतात. जास्त असेल तर इलाज असतो."

"माझं जाऊ दे. माझं काय, पिकलं पान." आत्यानं हात मागे घेतले. "पेन्सिल चावली तर?"

पोरीनं उत्तर द्यायला फार वेळ घेतला. तेवढ्यात आत्याला कळलं. नातीच्या दप्तरात, टेबलाच्या खणात, पलंगाखाली, जिकडेतिकडे पडलेल्या त्या बुडं चावलेल्या पेन्सिली तिला दिसल्या. फुकटच्या. तिनंच पदराआड धरून, हौसेनं नेलेल्या. 'आमच्याकडे पेन्सिल झिजत नाही बाई.'

आणि मग ती त्या पोरीवर चिडली. हो, तिच्यावरच! दुसरं होतंच कोण समोर? "मग हा मेला नियम इतक्या उशिरा का आणलात तुम्ही? आं? आधी नाही सुचलं? एवढी शिकलेली माणसं, काय करत होतात इतकी वर्षं?"

"आत्या, मी तेव्हा शाळेत होते," पोरगी म्हणाली.

आणि दोघींच्याही एकदमच लक्षात आलं, शाळेत ती काय करत होती ते.

आत्याचा राग जसा आला तसाच ओसरला. तिनं पोरीचा चष्मा सरळ केला, उगाचच, तो सरळच होता. "उद्या चल माझ्याबरोबर," ती म्हणाली.

दवाखान्यातलं बाकडं लाकडी, अरुंद, एका पायानं हलणारं. आत्या मध्ये बसली, एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला चष्मेवाली. तिघींच्या बाह्या वर केलेल्या. नात सारखी विचारत होती, सुई मोठी असते का. आत्या म्हणत होती, नाही गं, मुंगीएवढी. तिला स्वतःला सुईची भयंकर भीती वाटायची, पण आज ती भीती कुठे गेली होती कोण जाणे. तिला एवढंच हवं होतं की जे काही असेल ते आपल्या अंगात निघावं, या दोघींच्या नको. कुणाकडे मागायचं हे, तेही तिला कळत नव्हतं.

इतक्यात दार ढकलून मालक आला. कुणी बोलावलं नव्हतं. शर्टाची एक बाही कोपरापर्यंत दुमडलेली.

"तुला कशाला रे?" आत्या म्हणाली.

"मी नाही का त्या टाकीत मग सोडायचो? वर बोटं चाटायचो. बाबा हसायचे." तो बाकड्याच्या टोकाला बसला आणि बाकडं हललं. मग सवयीनं पुटपुटला, "आपण इथे रक्त देत बसलोय आणि पलीकडचा तिकडे जुन्या रंगात माल काढून दुकानं भरतोय. कसं टिकायचं माणसानं?"

"त्याच्या रंगखात्यात कोण असतं रे?"

"मला काय माहीत? असेल कुणीतरी बाई."

"तिला निरोप पाठव. म्हणावं, येऊन रक्त तपासून जा. पोरंबाळं असतील तर त्यांनाही आण म्हणावं."

मालक तिच्याकडे बघत राहिला. "आत्या, तो आपला वैरी आहे."

"तो असेल. तिचं काय?"

आतून नर्स आली, चौघांच्या उघड्या हातांकडे तिनं एक नजर टाकली आणि विचारलं, "पहिलं कोण?"

आत्यानं नातीच्या तोंडात सवयीनं गेलेली पेन्सिल काढून घेतली, आपल्या पिवळ्या मुठीत घट्ट धरली आणि तिला पुढे केलं.

"हिला घ्या आधी," ती म्हणाली.